अव्वाचा बूथ

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेलेली वीज परत आली, की सगळी यंत्रं जोडून घ्यायला एकदमच सर्व्हरवर तुटून पडायची आणि तो पुन्हा बंद पडायचा. विरेशनं यंत्रांच्या प्रोग्राममध्ये घातलं: सर्व्हरचं उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारण्याआधी एक सेकंद थांबायचं, मग दोन, मग चार, मग आठ. लिहिता लिहिता त्याला हसू आलं. ही तर अव्वाचीच रीत!

त्याची आई चन्नम्मा, म्हणजे अव्वा, अक्कलकोट रोडला एसटीडी बूथ चालवायची. लाईन लागली नाही, की गिऱ्हाईक लगेच "परत लावा" म्हणायचं. अव्वा रिसीव्हर खाली ठेवायची. "दम धरा की! आधी पाणी प्या." पुन्हा नाही लागली, तर चहा. तिसऱ्यांदा, "जावा, बाजार करून या."

शेजारच्या सोजरबाईंचा मुलगा घर सोडून भिवंडीला गेला होता. तो फोन उचलतच नसे. अव्वा आधी रोज लावायची, मग आठवड्यानं, मग सणासुदीला. बूथ बंद झाला त्या दिवशी, वायर काढायला आलेल्या माणसाला थांबवून तिनं तोच नंबर फिरवला.

स्क्रीनवर शेवटचा रकाना उरला होता: किती प्रयत्नांनंतर नाद सोडायचा?

विरेशनं पाच लिहिलं, आणि खोडलं.