शीलाकाकूंनी सांगितलेली रेल्वे

कळंबच्या सावळेराम कंडक्टरला परदेशातल्या रेल्वेचं भलतंच वेड. एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली आणि रिटायर झाल्यावर गडी जो सुटला, तो थेट कझाकस्तान, मंगोलिया, व्हिएतनाम! सात खेपा केल्या, त्याही एकट्यानं आणि पेन्शनीवर. आख्ख्या जुन्नर-आंबेगावात कुठं रूळ नाही, पण रेल्वेनं जग स्वस्तात कसं हिंडावं हे विचारायला मढपासून बेल्ह्यापर्यंतची माणसं त्याच्या ओट्यावर यायची. तोही जीव तोडून सांगायचा. रात्रीची गाडी धरा, लॉजचं भाडं वाचतं. दीड महिना आधी तिकीट काढा. ऐकणारा कंटाळला तरी हा काही दमायचा नाही.

त्याची बायको शीला दर खेपेला एकच विचारायची, "मला कवा नेताय?" आणि हा दर खेपेला म्हणायचा, "पुढच्या टायमाला नक्की." गावाला शहाणपण वाटणाऱ्या या बाबाला घरातलं एवढं कळू नये, याला काय म्हणावं! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

गेल्या वर्षी त्याला पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला एकच शब्द, 'थांब'. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, पण तोंडाला तेवढाच शब्द चिकटून बसलाय. तहान लागली, थांब. कूस बदलायची, थांब. नातवाचं कौतुक करायचं, तरी थांबच. शीलाला मात्र सुरावरून सगळं कळायचं.

परवा बेल्ह्याचे चांगदेव लेकीला घेऊन आले. त्यांना या दुखण्याची काही खबर नव्हती. आल्या आल्या म्हणाले, "भाऊ, आमच्या श्रेयाला कझाकस्तानात डॉक्टरकीला ॲडमिशन मिळालीय. अल्माटीपर्यंत इमान, पुढं वीस तास रेल्वे. आमी दोघं नवराबायको सोडायला चाललोय. पैशानं बेतातच हाय सगळं. चार गोष्टी सांगा."

"थांब," सावळेराम म्हणाला. सांगायला केवढं होतं! "थांब, थांब." कपाळावर घाम आला. चांगदेवांच्या ध्यानात आलं, तसे ते ओशाळून उठायला लागले.

एवढ्यात पदराला हात पुसत शीला बाहेर आली. "बसा भाऊजी. पोरी, वही काढ."

आणि ती सांगायला लागली.

"उघडा डबा असतो, चोपन्न बर्थांचा. त्योच सस्ता. त्यात खालची बर्थ घे. सामान बर्थच्या पोटात जातं, वर तू निजलीस की कुणी हात लावत न्हाई. संडासाशेजारची घिऊ नको, दार रातभर आपटतं. तिकिटावरचं नाव पासपोर्टापरमाणं हाय का ते अक्षर न् अक्षर बघ. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा बंब असतो, फुकाट. भाजलेला रवा ने, पाणी वतून झाकून ठिवायचा, झाला उपमा. भितीला टाइमटेबल लावल्यालं असतं, त्याचा फोटू काढ. दोन मिन्टाच्या ठेसनात पाय खाली टाकायचा न्हाई."

सावळेराम ऐकत राहिला. शब्द त्याचेच, दम घ्यायची जागासुद्धा त्याचीच. त्याला बरं वाटलं. पण शीला तिथं थांबली नाही.

"हे समद्यांना चार शर्ट न्यायला सांगायचे, तू तीनच ड्रेस ने. ह्यांचा चवथा शर्ट दर खेपेला घडी न मोडता परत यायचा. लाडूबी नको. ठेच्याचा डबा धुतल्यावानी यायचा आन् लाडू तसंच. मला म्हणायचे, लई ग्वाड झाल्ते."

श्रेया लिहिता लिहिता हसली. "काकू, तुमी किती वेळा जाऊन आलाय?"

"मी? मी रेल्वेत अजून बसले न्हाई गं."

सावळेरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वेळा बॅग भरून देणाऱ्या बाईला आपण साधं पुण्याहून लोणावळ्यालाही गाडीनं नेलं नाही.

चांगदेव म्हणाले, "मग चला की वैनी आमच्यासंगं! चौदा दिवस व्हिसाबी लागत न्हाई. पासपोर्टाचं तेवढं..."

"पासपोर्ट हाय," शीला म्हणाली. "हे मंगोलियात व्हते तवा काढला."

हे सावळेरामला ठाऊकच नव्हतं. चार वर्षं तो पासपोर्ट याच घरात होता आणि तिनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

सून वैजयंती दारात आली. "जावा आत्या. मामांना मी बघते की धा दिवस."

सगळे सावळेरामकडं बघायला लागले. त्याला एकच शब्द हवा होता, 'जा'. जन्मात कुठला शब्द इतका हवासा वाटला नसेल. त्यानं ओठ जुळवले, सगळा जीव गोळा केला.

"थांब!"

त्यानं डाव्या हाताची मूठ खाटेवर आपटली. त्याच हातानं दार दाखवलं. डोळ्यांतून धारा लागल्या. "थांब! थांब!" परक्यालाही कळलं असतं तो काय म्हणतोय ते. चांगदेवांना कळलं, पोरीलाही कळलं.

शीला त्याच्याकडं बघत राहिली. वर्षभर त्या एका शब्दातून तिनं त्याची तहान ओळखली होती, दुखणं ओळखलं होतं, राग ओळखला होता.

"ऐकलं न्हवं, भाऊजी," ती म्हणाली. "थांब म्हणत्यात."

तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि ती श्रेयाकडं वळली. "पासपोर्ट कमरंला बांधायचा, झोपतानाबी. लिही."