खिडकीबाहेरची सायकल

पॅसेंजरच्या खिडकीला बाहेरून सायकल टांगायची, ही आमच्या बडनेरा ते अकोला पट्ट्यातली जुनी सवय. नियमात बसत नव्हती, पण लहान स्टेशनावर गाडी मिनिटभर थांबणार, तेवढ्यात सायकल आत चढवणार कोण? मग गजांना दोन लोखंडी आकडे अडकवायचे, त्यांत सायकलची दांडी बसवायची आणि जुन्या ट्यूबने आवळायची. हँडल मात्र आतून, गजांमधून हात घालून धरून ठेवायचं. ते धक्क्यांनी फिरतं आणि बाहेर येतं. सायकल नेहमी फलाट नसलेल्या अंगाला. कुठल्या स्टेशनावर फलाट कुठल्या बाजूला येतो, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

माझे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. मूर्तिजापूरला उतरायचे आणि कॅरिअरला हत्यारांची पेटी बांधून दिवसभर खेडी पालथी घालायचे. सायकल हेच त्यांचं दुकान. मी त्याच गाडीने पुढे अकोल्याला कॉलेजला जायचे. मला त्या सायकलची लाज वाटायची. आता खोटं कशाला बोलू?

हिवाळ्यातली सकाळ होती. बाबांच्या अंगात ताप होता. उजव्या अंगाला, सावलीच्या खिडकीला सायकल टांगून त्यांनी मला तिथं बसवलं.

"बाई, मले कसंतरीच होऊन राह्यलं. मी जरा पडतो. तू हँडल सोडजो नको."

ते समोरच्या बाकावर आडवे झाले आणि लगेच झोपले.

पुढच्या स्टेशनावर माझ्या वर्गातल्या दोघी चढल्या. एक जण हात हलवत माझ्याकडेच येत होती. तेलकट हँडल धरून बसलेली मी तिला दिसले असते, त्या हँडलच्या मागची सायकल दिसली असती, आणि बाबासुद्धा. मी हात आत घेतला, खिडकीचं लोखंडी शटर खाली ओढलं आणि उठून तिच्यासोबत दाराजवळ जाऊन बसले. फलाट त्या बाजूला नाहीच, म्हणून स्वतःची समजूत घातली.

मागून मेल येत होती. तिला वाट देण्यासाठी आमची गाडी एका लहान स्टेशनात भलत्याच रुळावर घेतली. फलाट उजवीकडे आला. पेरूवाली बाई टोपली घेऊन कडेला उभी होती. खिडकीत हात असता तर त्याने हँडल आत ओढलं असतं, "सायकल, सायकल" म्हणून कोणी ओरडलं असतं. खिडकी बंद होती.

गाडी थांबली तेव्हा ती चेहरा धरून खाली बसली होती. पेरू गाडीखाली गेले होते. ब्रेकचा दांडा तिच्या डोळ्यात गेला होता.

"कोनाची हाय थे सायकल?" कुणीतरी ओरडलं.

बाबा तापातच खाली उतरले. "मायी," ते म्हणाले. "मले झोप लागली. माया हातून सुटलं हँडल."

मी दारात उभी होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं, हँडलवर मी होते, एवढंच. शेजारची मैत्रीण म्हणाली, "कसे लोक असतात ना!" मी मान डोलावली.

त्या बाईचा डोळा गेला. बाबा तिला बघायला तिच्या घरी जाऊन आले, म्हणून मला कळलं. मी गेले नाही. पोलिसांनी नेलेली सायकल काही महिन्यांनी परत आली, पण बाबा तिच्यावर बसले नाहीत. अंगणात तिची हवा गेली, साखळी गंजली. शिंप्यांनी दुसरा माणूस धरला आणि बाबा एका मंगल कार्यालयात राखणीला लागले. मी शिकले, अकोल्यात मास्तरीण झाले. वर्गात मुलींना खरं बोलायला शिकवते, तेव्हा माझाच मला संताप येतो.

गेल्या हिवाळ्यात बाबा अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे झाल्यावर त्यांनी तोंड बाजूला केलं.

"बाई, त्या दिवशी खिडकी कावून लावली होती तुनं?"

इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. खाली उतरायच्या आधी त्यांनी बंद शटर बघितलं होतं.

"ऊन लागत होतं, बाबा," मी म्हणाले.

ज्या माणसाने त्या रुळावर उभा जन्म काढला, त्याला मी हे सांगत होते. सकाळच्या गाडीत उजव्या अंगाला ऊन येत नाही.

"हो," बाबा म्हणाले, "असंन." आणि पुढच्या चमच्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.