बाबांचे दोन पॉइंट

माझ्या मोठ्या भावाला सगळे हेडमास्तर म्हणायचे. शाळेचं तोंड त्यानं नववीनंतर पाहिलेलं नव्हतं. पण इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवर बसतो तो भाग, ज्यात व्हॉल्व्ह उघडझाप करतात, ते दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून हेडमास्तर. स्वभावही तसाच, फक्त हातात छडी नव्हती. गाडी दारात आली की मालकानं तोंड उघडायच्या आत हा विचारणार, "किती दिवस तेल न बघता चालवलीत?" आणि मालक, मग तो कितीही मोठा असो, खाली मान घालून उभा.

मी मधली. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, शेठ चार वर्षांनी लहान. शेठ म्हणजे आमचा धाकटा. लहानपणी खिशात हात घालून ऐटीत चालायचा म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव, आणि मेल्यानं ते पुढे खरं करून दाखवलं. मला नवरा नाही, होता तो लवकर गेला. मूल नाही. दोन खोल्यांत राहते, शिवणकाम करते. माझं म्हणून जे काही आहे ते हे दोन भाऊ. आणि हे दोघे नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. बाबांचं वर्कशॉप त्यांच्यामागे दोघं मिळून चालवत होते. वहिनीचं ऑपरेशन झालं, दादा आठवडाभर दवाखान्यात होता. तेवढ्यात शेठनं बाबांचं जुनं मशीन भंगारात काढलं आणि कॉम्प्युटरवर चालणारं नवं आणून बसवलं. दादा परत आला तर जुन्या मशीनच्या जागी जमिनीत बोल्टांची चार भोकं. "बाबांना भंगारात घातलंस," दादा म्हणाला. "तू आपला बोटांनी मापं चाचपत बस," शेठ म्हणाला. झालं! दादानं आपली हत्यारं पोत्यात भरली आणि घरी आला. मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबल टाकलं, हेच त्याचं वर्कशॉप. सुरुवातीला लोक शोधत यायचे. मग कमी झाले. शेवटची तीन वर्षं पाण्याचे पंप आणि गवत कापायची यंत्रं, एवढंच.

या नऊ वर्षांत दोघांमधले निरोप मी पोचवले. कागदावर सही हवी, बाबांचे कोणी जुने मित्र वारले, असले निरोप. दादा म्हणायचा, "त्या दीडशहाण्याला सांग, अंगठा उठवला तरी चालेल." मी शेठला सांगायची, "दादाला तुझी सही हवीय." शेठ म्हणायचा, "हेडमास्तरांना सांग, आधी शुद्धलेखन तपासा." मी दादाला सांगायची, "करतो म्हणाला." तांदूळ निवडावेत तसे मी शब्द निवडायची. खडे माझ्याकडे, तांदूळ त्यांच्याकडे. कुणाला पत्ता नाही. मला वाटायचं, असं करत करत एक दिवस यांचं मन निवळेल. खुळीच मी.

मग आला दाताचा डॉक्टर. दिवसभर लोकांचे दात उपटायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुनी गाडी घेऊन टेकडीवर चढायच्या शर्यतीत पळायचा. गाडी बुटकी, इंजिन मागच्या बाजूला, आडवं पसरलेलं, डावीकडे एक हेड आणि उजवीकडे एक. चढावर दम खाते म्हणाला. दादानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "हिचा घसा अरुंद आहे. मोठे व्हॉल्व्ह घालू, श्वास मोकळा होईल." त्या दिवशी संध्याकाळी दादा मला दारापर्यंत सोडायला आला. कधी येत नाही. "हे काम नीट झालं ना," म्हणाला, "तर लोकांना कळेल मी अजून आहे." 

पुढचे दीड महिने वहिनीच्या स्वयंपाकघराचं काय झालं ते विचारू नका. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत वरखाली होते तिला गाइड म्हणतात. ती हेडमध्ये घट्ट बसवायची तर हेड तापवून फुगवायचं आणि नळी थंड करून आकसवायची. त्यामुळे ओव्हनमध्ये हेड आणि फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी आठ गाइड. मी गेले की वहिनी म्हणायची, "बसा ताई, आज हेड आहे. शिजायला वेळ लागेल." पण ती हसत होती. नवरा पुन्हा माणसात आल्यासारखा वागत होता, सकाळी दाढी करत होता. हेडच्या आतली हवेची वाट त्यानं हातानं घासून मोठी केली. करंगळी आत घालायचा, डोळे मिटायचा, पुन्हा घासायचा. विचारलं तर म्हणायचा, "इथे हवा अडखळते." हवा काय त्याला येऊन सांगून जायची?

पण सगळं काही हातानं होत नाही. मोठ्या व्हॉल्व्हची बैठक कापायला आणि गाइडला आतून अचूक माप द्यायला मशीन लागतं. आणि तसं मशीन गावात एकच, शेठचं. दादा म्हणाला, "परगावी पाठवतो." मी म्हटलं, "कशाला? शेठ परवाच म्हणत होता, दादाचं काम असेल तर मी स्वतः उभा राहीन." धादांत खोटं. शेठला अजून काही माहीतच नव्हतं. तिकडून तशीच शेठकडे गेले आणि म्हटलं, "दादा म्हणतो, हे काम तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही." तेही खोटं. शेठनं हात पुसले. मग म्हणाला, "घेऊन ये."

दोन्ही हेड मी जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षातून नेली. निघताना दादानं मापं सांगितली, मी कपड्यांच्या मापांच्या वहीत लिहून घेतली. शेवटी म्हणाला, "आणि दांडीला गाइडमध्ये मोकळीक दोन पॉइंट ठेव म्हणावं. बाबांचे दोन पॉइंट."

इथे मी माती खाल्ली.

मला वाटलं, हा टोमणा आहे. बाबांचं नाव आलं की शेठचं डोकं फिरायचं. नऊ वर्षांत दादानं बाबांचं नाव काढलं ते शेठला टोचायलाच. म्हटलं, मेली ती खोड जात नाही याची, चांगलं जमत आलंय तर त्यात बिब्बा घालतोय. वाटेत रिक्षातच पेन्सिलीनं 'बाबांचे' हा शब्द खोडला. शेठला वाचून दाखवलं, "मोकळीक दोन पॉइंट." तो म्हणाला, "दोनच? शर्यतीच्या गाडीला? बरं, हेडमास्तर आहेत, विचार करूनच सांगितलं असेल."

शेठ खरंच स्वतः उभा राहिला. दोन दिवस कारागिरांना मशीनजवळ फिरकू दिलं नाही. दादानं घासलेल्या वाटेत त्यानंही बोट घातलं, अगदी तसंच, डोळे मिटून. "याचा हात अजून तसाच आहे गं," म्हणाला. मी तोंड फिरवून डोळे पुसले. वाटलं, आता काय, आठवड्याभरात दोघं एका टेबलाशी बसतील.

हेड घरी आली. दादानं तेल लावून एक व्हॉल्व्ह गाइडमध्ये सोडला, वरखाली केला, बाजूला हलवून पाहिला. कपाळाला आठी पडली. "जरा अंगाबरोबर वाटतोय," म्हणाला. पुन्हा हलवला. "त्याला विचार, दोनच ठेवलेत ना?" मी तिथूनच फोन लावला. शेठ म्हणाला, "मोजून दोन. आठही ठिकाणी." मी दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "मग मलाच हल्ली जुन्या ढिल्या इंजिनांची सवय झालीय. काय सफाई आहे बघ. बाबांनी पाहायला हवी होती." दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्यानं व्हॉल्व्ह तोंडावर फेकून मारला असता. भावाचं होतं म्हणून स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवला नाही. आणि फोन माझ्या हातात होता. "दे इकडे," एवढं म्हणाला असता तर! पण नाही. यांचा ताठा आडवा आला.

मग आठवडाभर व्हॉल्व्ह बसवणं चाललं. व्हॉल्व्हच्या तळाला रबरी टोपीची काठी चिकटवायची, कडेला खरखरीत लेप लावायचा आणि काठी दोन तळव्यांत धरून घुसळायची, व्हॉल्व्ह आणि बैठक एकमेकांना घट्ट भिडेपर्यंत. आठ व्हॉल्व्ह. शेवटी रॉकेल ओतून ठेवलं, सकाळपर्यंत थेंब गळला नाही. दादानं वहिनीला हाताला धरून दाखवायला नेलं.

शर्यतीच्या दिवशी मी टेकडीवर गेले नाही. वहिनीनं सांगितलं ते सांगते. गाडी पहिली तीन वळणं अशी गेली की लोक उठून उभे राहिले. दादा कठड्यापाशी होता. चौथ्या वळणावर हातोडा मारल्यासारखा आवाज आला आणि मग काहीच नाही. तापल्यावर एका व्हॉल्व्हची दांडी फुगली, गाइडमध्ये अडकली, व्हॉल्व्ह उघडाच राहिला, खालून पिस्टन येऊन धडकला. व्हॉल्व्हचं डोकं तुटलं आणि पिस्टन फोडून आत गेलं. डॉक्टर गाडीतून उतरून आला. "तुमचा दोष नाही," म्हणाला, ज्या आवाजात तो रोज म्हणतो की दुखणार नाही. दादा घरी आला आणि मागच्या खोलीत जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिथेच होते, वहिनीबरोबर. दार वाजलं. शेठ. नऊ वर्षांनी त्या उंबऱ्यावर. डॉक्टरनं तुटलेलं हेड त्याच्याकडे नेलं होतं, तो ते काखेत मारून आला होता. तडक मागच्या खोलीत गेला, हेड टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "दादा, तू दोन पॉइंट का सांगितलेस?"

दादा म्हणाला, "मग किती सांगू? बाबा आयुष्यभर दोनच ठेवायचे."

"बाबांचे दोन?"

"बाबांचेच. तसंच सांगितलं होतं."

शेठनं टेबलावर बोटानं हिशोब मांडला. बाबांचं मोजायचं यंत्र इंचाचं. त्यांचा पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. शेठच्या नव्या मशीनवर पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा. बाबांचा एक म्हणजे शेठचे अडीच. दादाला हवे होते पाच, मिळाले दोन. हे सगळं मला तेव्हा कळलं, दारात उभ्या उभ्या. मी, जी रोज इंच आणि सेंटीमीटर दोन्ही बाजूंनी टेप वापरते!

"मला बाबांचं काही सांगितलं नाही कुणी," शेठ म्हणाला. "नुसतं दोन पॉइंट."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. एकसारखे डोळे, बाबांचे. मी सांगितलं. तो शब्द मीच खोडला म्हटलं. का खोडलं तेही सांगितलं. आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही बाहेर आलं, कुणी काय म्हणालं होतं आणि मी काय पोचवलं, नऊ वर्षांचं. वाटलं होतं, समजून घेतील.

"म्हणजे दादा म्हणालाच नव्हता, की माझ्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही?" शेठनं विचारलं.

"आणि हा तरी कुठे म्हणाला होता, की स्वतः उभा राहीन?" दादा म्हणाला.

वहिनी मध्ये पडली, "अहो, तिनं चांगल्यासाठीच केलं." दादा म्हणाला, "तिच्या चांगल्यापायी माझं नाव मातीत गेलं." ओरडून बोलला असता तर बरं वाटलं असतं. नेहमी ओरडणारा माणूस तो, हे हळू बोलला.

त्या दिवशी ते दोघं अंधार पडेपर्यंत त्या टेबलाशी बसले. महिन्याभरात दादा पुन्हा वर्कशॉपमध्ये जायला लागला. डॉक्टरनं हेड पुन्हा त्यांच्याकडेच दिली. दोघं एकाच मशीनवर वाकून उभे असतात, असं वहिनी सांगते. मला हेच हवं होतं ना? हेच. नऊ वर्षं दुसरं काही मागितलं नव्हतं.

एकदा न राहवून मी गेले. दोघांसाठी चहा नेला होता. दादा शेठला काहीतरी माप सांगत होता, मला पाहून थांबला. शेठ म्हणाला, "हं, पुढे?"

"नंतर सांगतो," दादा म्हणाला. "हिच्या कानावर नको. पोचेपर्यंत अर्धं होईल."

आणि दोघं हसले. खदखदून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. मीही हसले थोडी, हसायलाच हवं होतं. थर्मास ठेवायला टेबलावर जागा नव्हती. तो तसाच परत घेऊन आले आणि घरी दोन्ही कप मीच प्याले.