लाइन म्हणजे जवस

आमच्या सावली गावात वीज गेली की लाइन गेली म्हणत, आणि आली की लाइन आली. रेशनच्या दुकानासमोर लाइन लागे, पोलिसांची बिऱ्हाडं पोलीस लाइनीत असत, आणि कुणाचा मुलगा काय करतो हे विचारायचं तर 'कोणत्या लाइनीत आहे' असं विचारत. माझ्या बाबांना या सगळ्या लाइनी ठाऊक होत्या. एक तेवढी ठाऊक नव्हती, आणि नेमकी तीच आमच्या घरात शिरली.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी चंद्रपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. घरी धानाची शेती करणारे बाबा, आई आणि माझ्याहून मोठी, कमी बोलणारी ताई. त्याच सुमारास गावात नवा लाइनमन बदलून आला होता. उंच, सावळा, सायकलवर खांद्याला शिडी अडकवून हिंडायचा.

त्या सुट्टीत फक्त आमच्याच घरची लाइन जायला लागली. शेजारी टीव्ही चालू, आमच्याकडे अंधार. बाबा चरफडत लाइट ऑफिसात जात. लाइनमन येई, मीटरच्या बोर्डाशी खुडबुड करी, उजेड पडे आणि ताई चहा घेऊन येई. चहा पिताना त्याचं कपाकडे लक्ष नसे. पुढच्या वेळी मी ताईला बोर्डातला फ्यूज काढून ओढणीत लपवताना पाहिलं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी कशाला बोलते! मला मजा येत होती.

गल्लीलाही कळलं होतं. शेजारी राहणारे टेलर चाचा बाबांचे जुने दोस्त. त्यांनी बाबांना दुकानात बसवून हळूच सांगितलं, "भाऊ, तो लाइनमन तुमच्या घरी लाइन मारून राह्यला."

"मारू दे ना," बाबा म्हणाले. "सरकार त्याचाच पगार देते त्याले."

चाचांनी मशीन थांबवली. "भाऊ, तुमची लहानी कॉलेजात शिकते. तिले इचारा."

रात्री जेवताना बाबांनी मला विचारलं, "बाई, लाइन मारणं म्हणजे काय वं?"

ताईचा घास हातातच राहिला. आईने भाजीचं भांडं उगीचच ढवळलं. मी उठून जाडजूड इंग्रजी डिक्शनरी आणली, विचार करायला तेवढाच वेळ. लाइन या एका शब्दाचे अर्थ दीड पान भरून होते. दोरी, रेघ, रांग, कवितेची ओळ, कपाळावरची आठी, घराण्याची परंपरा, टेलिफोनची तार. हवा तो अर्थ नव्हता, कारण तो आपल्या लोकांनी काढलेला. पण तिथे शब्दाचं मूळ दिलं होतं, आणि मी तेच धरलं.

"बाबा, लाइन म्हणजे मुळात जवस."

"कोणता जवस?"

"आपला. तुम्ही धान कापायच्या आधी बांधीत फेकता, तोच. लॅटिनमध्ये त्याला लिनुम म्हणायचे. त्याच्या खोडापासून दोरा काढत, तो ताणून सरळ रेघ आखत. आधी दोरा लाइन, मग रेघ लाइन, मग रांग, मग तार."

सगळं खरं होतं. फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"म्हणजे लाइन मारणं म्हणजे तार ताणणं," बाबा खुशीत म्हणाले. "चाच्याले काऊन समजत नसन?"

दुसऱ्या दिवसापासून बाबा रेशनच्या लाइनीत लोकांना जवसाची गोष्ट सांगू लागले. लोक तोंडावर रुमाल धरून ऐकत. शेवटी लाइनमनच त्यांच्या तावडीत सापडला. तो आमच्याकडे स्टुलावर चढून फ्यूज बसवत होता.

"तू जवसाचं काम करून राह्यला, माहीत आहे का तुले?" बाबांनी खालून विचारलं. "चाचा म्हणे, तू आमच्या घरी लाइन मारते. मी म्हटलं, चांगली मारते पोरगा."

लाइनमन स्टुलावरून उतरला. "भाऊ, तुमची लाइन खराब नाई. फ्यूज कोणीतरी काढून घेते."

"कोण काढते?"

स्वयंपाकघराच्या दारातून ताईचा आवाज आला, "मी काढते, बाबा."

तिचा आवाज इतका स्थिर मी कधी ऐकला नव्हता. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, लाइनमनकडे पाहिलं, मग सावकाश माझ्याकडे वळले.

"याच्यात जवस कुठी आहे?"

"कुठेच नाही, बाबा," मी म्हणाले.

"घर कुठी तुहं?" त्यांनी लाइनमनला विचारलं.

"माजरीले. कोळशाच्या खाणीवर, कॉलरीच्या लाइनीत."

"अजून एक लाइन," बाबा पुटपुटले आणि त्याला जायला सांगितलं.

त्यानंतर ताई कामं करत राहिली, पण तिने एकदाही माफी मागितली नाही. एका सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसले आणि कुणाला न सांगता माजरीची एसटी धरायला निघाले. परतले दिवेलागणीला, धुळीने माखलेले.

"सारी घरं एकसारखी," आईच्या हातचं पाणी पिऊन ते म्हणाले. "मी इचारलं, लाइनमनचं घर कोणत्या लाइनीत? एकानं मले रेल्वेलाइनीवर धाडलं. वापस आलो तं एका बाईनं हटकलं, भाऊ, कोणाकडं आले? तेच त्याची माय निघाली."

"मग?" आईने विचारलं.

"दोन खोल्या आहेत. माय हसरी आहे. पोरानं घरी आधीच सांगून ठेवलं होतं. आपल्यालेच मालूम नव्हतं."

ताई आत निघून गेली. ती रडत होती की हसत, ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. उन्हाळ्यात लग्न झालं. नवरदेवाचा सफारी चाचांनी शिवला, आणि मापं घेताना त्याला बरंच काही ऐकवलंही.