साडूंचं घड्याळ आणि बारदान

घड्याळ बघून गाडी पकडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, घड्याळ बघून औषध घेणारीही पाहिली. पण घड्याळाची परवानगी घेतल्याशिवाय भाकरीचा तुकडा न मोडणारा माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझा साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, हे यजमान. राहायला गोरेगावला. बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्तीचा हार गळ्यात पडला, पण अंगातला कंडक्टर काही उतरायला तयार नव्हता. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारच्याला म्हणायचे, "चला, पुढं सरका, मधी जागा हाये." तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी पंच कायम शर्टाच्या खिशात. विचार करताना, गप्पा मारताना, चहाची वाट बघताना तो पंच उजव्या हातात यायचा आणि समोर जे असेल त्यावर ठकठक, ठकठक सुरू व्हायची. खुर्चीचा हात, जीपची दांडी, एकदा तर आमच्या सासऱ्यांचा गुडघा. शिवाय मापाला इतके पक्के, की अर्ध्या तिकिटाचं लेकरू दांडीशी उभं करून त्याची उंची बघायचे. माझी बायको लहानपणी त्यांच्याच बसमध्ये बसली, तेव्हा ती दांडीवरच्या खुणेपेक्षा बोटभर उंच भरली म्हणून सख्ख्या मेव्हणीला त्यांनी पूर्ण तिकीट फाडलं. त्या एका बोटाचा राग तिने अजून सोडलेला नाही.

या माणसाच्या उजव्या मनगटावर ते घड्याळ मीच बांधलं, हे आधीच कबूल करून टाकतो. झालं असं, की आक्कांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा नांदेडला नेऊन रक्त शुद्ध करून आणायचं, दुसऱ्या दिवशी बाईने भिंतीला धरून चालायचं, असं चाललं होतं. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळलं ते फक्त साडूंचं. त्यांना इतका आनंद झाला, की दवाखान्याच्या दारातच त्यांनी पंच वाजवला. पण वजन निघालं अठ्ठ्याऐंशी किलो. डॉक्टर म्हणाले, "काका, या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. साडेचार महिने देतो. ऐंशीच्या आत या. त्यापुढे बाईंना असंच ओढत ठेवणं अवघड आहे." परतीच्या वाटेवर आक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि साडू स्वतःच्या पोटाकडे.

माझ्या मुलाने मला पुण्याहून मनगटावरचं एक घड्याळ पाठवलं होतं. पावलं मोजायचं, कॅलरी मोजायचं, आणि मी वर्गात खुर्चीवर टेकलो की "उठा, चाला" म्हणून थरथरायचं. शाळेत मुख्याध्यापक तेच करतात, घरी बायको तेच करते. तिसरा कशाला, म्हणून मी ते साडूंना देऊन टाकलं. वर गणिताचा मास्तर असल्यामुळे अक्कलही दिली. म्हणालो, "भाऊ, साधी वजाबाकी आहे. खाल्लेल्यापेक्षा जळालेल्या कॅलरी जास्त झाल्या की वजन उतरतं. जळालेल्या हे सांगेल." हे वाक्य मला पुढे फार छळणार होतं.

त्या दिवसापासून घरात घड्याळाचं राज्य सुरू झालं. भिंतीवर कागद चिकटला: भाकरीला किती, पिठल्याला किती, शेंगदाण्याच्या चटणीला किती. ताटावर बसले की आधी मनगट वर, मग ओठ हलवत हिशेब, मग हुकूम, "अजून अर्धी टाक. मंजूर हाये." विहारात वंदनेला गेले, ध्यानाला बसले, आणि डोळे उघडल्यावर पहिलं काम मनगट बघणं. "ध्यानात बी पंचवीस जळाल्या," असं त्यांनी भर विहारात जाहीर केलं. झोपेत कॅलरी जळतात हे कळल्यावर तर ते दुपारीही झोपायला लागले. एका लग्नात तिसऱ्या जिलेबीला घड्याळाची मंजुरी मिळेना, तेव्हा साडू मंडपाबाहेर गेले, पंच वाजवत वाजवत दोन चकरा मारून आले आणि वाढप्याच्या नाकासमोर मनगट धरून म्हणाले, "आता वाढ." गाव काय, असल्या माणसाची वाटच बघत असतं. "काय कंडक्टर, आज किती जळाल्या?" हा गोरेगावात नमस्काराचा नवा प्रकार झाला. आक्का पडल्या पडल्या म्हणायच्या, "त्यांच्या अडीच-अडीच हजार जळून राहिल्या भाऊजी, माझा नुसता जीव जळते."

वजन करायला ते दर सोमवारी अडतीवर जायचे. सोयाबीन-हळदीची पोती ज्या काट्यावर चढतात, त्याच काट्यावर साडू चढायचे. आता अडतीवर मालाचं वजन करताना पोत्याचं वजन वजा करतात. त्या रिकाम्या पोत्याला बारदान म्हणतात. साडूंनी पहिल्याच सोमवारी अडत्याला ठणकावलं, "मालाचं वजन सांग, बारदान कापून." बारदान म्हणजे धोतर, शर्ट, टोपी आणि चपला. पहिल्या सोमवारी बारदान धरलं अर्धा किलो. वजन उतरेना तसं बारदान वाढत गेलं. चौथ्या सोमवारी ते दीड किलोवर पोचलं, तेव्हा अडत्या म्हणाला, "कंडक्टरसाब, एवढं बारदान तर हळदीच्या पोत्यालाबी नसते. माल ओला हाये तुमचा, वाळवा जरा." हमाल हसले. साडूही हसले, पण घरी आल्यावर रात्री झोपेपर्यंत त्यांनी पंच खिशातून काढला नाही, हे मला नंतर आक्कांनी सांगितलं.

हसण्यावारी न्यायची गोष्ट ती राहिलीच नव्हती. दोन महिने सरले. घड्याळ रोज विजय जाहीर करत होतं आणि काटा सत्त्याऐंशीवर ठाण मांडून बसला होता. इकडे आक्कांचे पाय सुजायला लागले. रोज फोनवर मी विचारायचो आणि रोज साडू तावातावाने म्हणायचे, "पाहुणे, आकडा बराबर हाये. जळालेल्या जास्त, खाल्लेल्या कमी. वजाबाकी तुमचीच हाये नं?" इतकी वर्षं पोरांना उत्तर ताडून बघायला सांगणाऱ्या मला, मुळात मांडलेली संख्याच खोटी असेल, हे सुचलं नाही.

दोन महिन्यांच्या तपासणीला आम्ही तिघं निघालो. गोरेगावहून हिंगोलीपर्यंत जीप, पुढे नांदेड. रस्ता असा, की पोटातलं पाणी डोक्यात जावं. आक्का माझ्या खांद्याला टेकून डोळे मिटून होत्या. साडू पुढच्या सीटची दांडी पंचाने वाजवत होते, काळजीने नेहमीपेक्षा जोरात. हिंगोली दिसायला लागली आणि त्यांचं मनगट थरथरलं. घड्याळाच्या पडद्यावर रंगीबेरंगी ठिणग्या उडाल्या. "पाहा!" साडू ओरडले, "आजची पावलं पुरी! सकाळी सकाळी!" जीपमधल्या लोकांनी कौतुक केलं. मी मात्र घड्याळावरून त्यांच्या हातातल्या पंचाकडे बघितलं. हा माणूस तासभर जागचा हलला नव्हता. हलला होता तो रस्ता आणि त्यांचा उजवा हात. अशा दिवशी हे कुठल्या तोंडाने बोलणार?

नांदेडच्या काट्यावर वजन भरलं सत्त्याऐंशी. साडूंनी नर्सला विचारलं, "बारदान किती धरता?" तिला काही कळलं नाही. डॉक्टरांनी मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, "काका, हे यंत्र तुमच्या पोटात शिरून बघत नाही. हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं. पावलांचा अंदाज चुकतो, कॅलरीचा त्याहून जास्त चुकतो. त्यात नुसतं जिवंत राहायला जे जळतं तेही यात धरलेलं असतं, आणि तुम्ही त्यावर भाकऱ्या मंजूर करता. अडीच महिने उरलेत." साडू चवताळले. "मशीन खोटं काहून बोलंल? त्याला काय मिळून राहिलं?" डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले. पलीकडच्या खाटेवर आक्कांच्या हातात दोन सुया होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

रात्री मी गोरेगावलाच राहिलो; दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंच्या स्वयंपाकघरात मी जे केलं, ते काही आवडीने केलं नाही. आम्ही नको नको म्हणत असताना आक्का चुलीपुढे एक भाकरी थापायला बसल्या होत्या. साडू भिंतीला टेकून घड्याळाची बाजू मांडत होते. मी त्यांच्या हातातलं घड्याळ काढलं, त्यावरचा पावलांचा आकडा त्यांनाच मोठ्याने वाचायला लावला, आणि ते आक्कांच्या उजव्या मनगटावर बांधलं. सुयांचा हात डावा होता. "थापा आक्का," मी म्हणालो. आक्कांनी एक भाकरी थापली. थप थप थप. परातीतून उचलून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग मी त्यांचा हात साडूंच्या डोळ्यांपुढे धरला. एका भाकरीत बाई शंभरावर पावलं चालली होती. दारापर्यंत जाताना जिला दोनदा बसावं लागतं, ती.

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी आक्कांनी ती उलटली नाही. साडूंनी खिशातला पंच काढला, त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "म्हंजी दोन महिने मी बिनतिकिटाचे पाशिंजर मोजून राहिलो." आणि मग, "ह्या बाईचे दोन महिने खाल्ले मी." मला ते शिव्या देते तर बरं झालं असतं. घड्याळ मी दिलं होतं, वजाबाकी मी शिकवली होती. मला फार लाज वाटली. आक्कांनीच शेवटी करपलेली भाकरी खाली उतरवली, अर्धी मोडली आणि नवऱ्याच्या ताटात टाकली. "आजपासून मी मंजूर करीन," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे अडीच महिने आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. घड्याळ माझ्याकडे परत आलं. साडू पहाटे सेनगावच्या रस्त्याला लागायचे आणि ऊन चढल्यावर परतायचे. ओळखीचे जीपवाले थांबून "बसा कंडक्टर" म्हणायचे, आणि आयुष्यभर लोकांना गाडीत कोंबणारा हा माणूस "जागा न्हाई" म्हणून पुढे निघायचा. अर्धी भाकरी, भाजी, ताक. भुकेने इतके चिडके झाले, की एकदा मला फोनवर म्हणाले, "पाहुणे, तुमचा आवाज ऐकला की मला जिलेबी आठवते, ठेवा फोन." अडतीवर बारदान पुन्हा अर्ध्या किलोवर आलं. पंच्याऐंशी, साडेत्र्याऐंशी, मग दोन आठवडे काटा हलेचना आणि घरात कोणी कोणाकडे बघेना. मधे आक्कांना एकदा धाप लागून रातोरात न्यावं लागलं. परत आल्या तेव्हा साडूंची अर्धी भाकरी पाव झाली. आक्का रडल्या, पण त्यांनी भाकरी वाढवली नाही.

शेवटच्या तारखेला साडू नांदेडच्या काट्यासमोर उभे राहिले, तेव्हा शर्ट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. चपला काढल्या, टोपी माझ्या हातात दिली, करगोट्याची किल्लीही सोडली. चढले. नर्सने वाचलं, "ऐंशी पॉइंट एक." डॉक्टर हसले. "उत्तम! एवढ्याने काही अडत नाही काका, उतरा." साडू उतरेनात. "न्हाई साहेब. तुमी आत म्हणला होता. आत म्हंजी आत. मी लेकराला बोटभर सोडलं न्हाई, मला काहून सोडता?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. साडू काट्यावर उभे, घामाघूम, आणि सवयीने त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

पंच. बत्तीस वर्षं आणि वर निवृत्तीची चार, तो खिशातून खाली ठेवलाय असं कोणी पाहिलं नव्हतं. तो खिशात आहे हे त्यांच्याही ध्यानात नव्हतं. त्यांनी तो काढला आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आक्कांच्या ओंजळीत ठेवला. काट्यावरचे आकडे जरासे थरथरले आणि थांबले. एकोणऐंशी पॉइंट नऊ. "बारदान निघालं," साडू म्हणाले, आणि खाली उतरून लहान मुलासारखे रडले. त्या दिवशी आम्ही सगळेच रडलो, अगदी ती नर्सही, जिला बारदान म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ऑपरेशनला आता दीड वर्ष होईल. घड्याळ माझ्या मनगटावर आहे; ते जे सांगतं ते मी ऐकतो, जसं दूरच्या नातेवाइकाचं ऐकावं तसं. परवा गोरेगावला गेलो होतो. साडू ओसरीवर खाटेवर पडले होते. पोटाला आडवा व्रण, चेहरा उतरलेला, हालचाली संथ. माणूस जरा म्हातारा झालाय. पंच त्यांच्या खिशात नव्हता. तो आक्कांनी परत दिलाच नाही. त्या अंगणात फेऱ्या मारत होत्या आणि प्रत्येक फेरीला ओसरीच्या खांबावर पंच वाजवत होत्या. ठकठक. मी घड्याळ काढून पुढे केलं. म्हणालो, "भाऊ, आक्कांना बांधू का? रोज किती चालतात ते तरी कळेल."

साडूंनी डोळे मिटलेलेच ठेवले. "नगं पाहुणे," ते म्हणाले. "तिच्या पायाचा आवाज येऊन राहिला नं मला. पुरे झालं."