पट्टी सुटल्यानंतर

जळीत वॉर्डातल्या सिस्टरच्या हाताला गुण आहे, असं पेशंट म्हणायचे. जखमेवरची पट्टी तिच्याइतकी अलगद कुणी सोडवत नसे. नोकरीत मुरलेली बाई. हिला आता काही शिकायचं राहिलंय, असं कुणालाच वाटत नव्हतं. एक तिला सोडून.

निमित्त झालं बेकरीवाल्याचं. भट्टीच्या भडक्यात त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. जखम छान भरली आणि डॉक्टरांनी पाठ थोपटून त्याला घरी पाठवलं. पुढच्या तपासणीला मात्र त्याची बायको एकटीच आली.

"हात बरा झालाय हो सिस्टर, माणूस बरा नाही," ती म्हणाली. "मी गॅस पेटवला तरी घराबाहेर पळतो. बेकरी भावाच्या गळ्यात घातलीय."

"वेळ जाऊ द्या," डॉक्टर म्हणाले. सिस्टर तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. त्या बाईला सांगण्यासारखं तिच्याजवळ काहीच नव्हतं.

आरोग्य मानसशास्त्रात एम.ए. करता येतं, हे तिनं एका व्याख्यानात ऐकलं होतं. तेव्हापासून तो किडा डोक्यात वळवळत होता. आता तिनं मनाचा हिय्या करून विद्यापीठ गाठलं, तर चौकशीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करताच सांगितलं, "नर्सिंगवाल्यांना नाही. आधी मानसशास्त्राची पदवी करून या."

म्हणजे पुन्हा श्रीगणेशा, तोही चाळिशीला टेकल्यावर! ती तोंड पाडून घरी आली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो म्हणाला, "लिफ्ट का बंद पडली हे लोक आधी शेजाऱ्याला विचारतात, आणि शेजारीही ठोकून देतो काहीतरी. तू सरळ विभागप्रमुखांना भेट ना."

विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत खुर्च्यांवरही पुस्तकं होती. त्यांनी एक खुर्ची रिकामी केली, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"खिडकीवर अर्धंच सांगितलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "नर्सिंगची पदवी चालते. वर्षभराचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करायचा, संध्याकाळचे वर्ग असतात. मग दोन वर्षं एम.ए. पण मला आधी सांगा, तुम्हाला मानसिक आजारांवर उपचार करायचेत का?"

"नाही मॅडम. जखम भरून घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, तिथं मला काम करायचंय."

"मग क्लिनिकल मानसशास्त्राच्या मागे धावू नका. त्याचं प्रशिक्षण वेगळं, परवाना वेगळा. तुमचं काम हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनात, कॅन्सरच्या वॉर्डात, जुनाट दुखण्यांच्या दवाखान्यात. जागा ढीगभर आहेत असं खोटं सांगणार नाही. पण वॉर्डात उभं राहिलेलं माणूस आम्हाला क्वचितच मिळतं."

सिस्टरनं चहाचा पहिला घोट तेव्हा घेतला. तो गार झाला होता, तरी गोड लागला.

"आणि त्या बेकरीवाल्याला आमच्या विभागाच्या दवाखान्यात पाठवा," मॅडम म्हणाल्या. "तोवर त्याला 'घाबरू नका' तेवढं म्हणू नका. घाबरलाय तो!"

दोघी हसल्या. परतताना बसमध्ये तिला अशी गाढ झोप लागली की उतरायचा थांबा मागे राहिला. ती मजेत चालत घरी आली.

आता धास्ती उरली होती सासूबाईंची. संध्याकाळी घर कोण बघणार? चाचरत तिनं विषय काढला.

"एवढंच ना?" सासूबाई म्हणाल्या. "चार दिवस गप्प गप्प होतीस. मला वाटलं, तुला एखादा आजारबिजार निघालाय! कर की अभ्यास. स्वयंपाकाला तुझा नवरा आहे."

"मी?" नवरा दचकला.

"मग काय, लिफ्ट करणार?"

बेकरीवाला मॅडमच्या दवाखान्यात जाऊ लागला. भीती मोडायला तिथं त्याच्यासमोर मेणबत्ती पेटवत; सुरुवातीला तो नुसता तिच्यापासून लांब बसायचा. हळूहळू खुर्ची जवळ सरकत गेली. एका सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. "सिस्टर, आज चहा ह्यांनी केला! पार उकळून काळा केला, पण केला!" सिस्टर भर वॉर्डात हसली, मग तिनं डोळे पुसले.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी तिला प्रात्यक्षिकासाठी हृदयरोग विभाग मिळाला. युनिफॉर्म नव्हता, साधी साडी. तिथल्या मेट्रननं दारातच अडवलं, "नातेवाइकांनी बाहेर थांबायचं."

"मी शिकायला आलेय," ती म्हणाली, आणि आत गेली.