फॉर्मचं कुलूप

हिंगोलीतल्या आमच्या केंद्रात बायकांना शिलाईपासून पापडापर्यंत सगळं शिकवतात. ऑफिसातल्या फायली कधीतरी रद्दीत जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साचतच राहतात. त्यातले निम्मे एकट्या प्रवेश-फॉर्मचे!

फॉर्म ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, वर्डमध्ये भरायचा. हट्टा गावच्या एका ताईंनी 'अर्जदाराचे नाव' ही अक्षरंच खोडून तिथं 'सुनीता' लिहिलं आणि सेव्ह केलं. पुढची बाई अडून बसली, "ही सुनीता कोन? तिच्यापुढं माझं नाव काहून लिवू?"

मग ऑफिस सांभाळणाऱ्या कुलकर्णी मॅडमनी फॉर्मला पासवर्ड घातला. आता फक्त रिकाम्या चौकटीत लिहिता येई; बाकी एक अक्षर हलत नसे.

केंद्राच्या साहेबांना हे माहीत नव्हतं. ते शीर्षक बदलायला बसले. बटणं बडवून बडवून थकले आणि ओरडले, "कीबोर्ड मेला! नवा मागवा!"

नवा आला. तोही मेला!

शेवटी कुलपाचं कळल्यावर साहेबांनी पासवर्ड मागितला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "देणार नाही. साहेब, इथं चोर कोण येतंय? कुलूप घाईघाईत चुकणाऱ्या हातांसाठी आहे." साहेब हसले नाहीत, पण त्यांनी तो पुन्हा मागितलाही नाही.

एकदा मॅडम लग्नाला गेल्या आणि नेमकी फॉर्मवर छापलेल्या केंद्राच्या पत्त्यात दुरुस्ती निघाली. मी फोन केला. बँडच्या आवाजात त्या जीव तोडून पासवर्ड सांगत होत्या, आणि नेमका बँड थांबला. सगळ्या मांडवानं पासवर्ड ऐकला!

आणि ती कनेरगाव नाक्याची मावशी. नवरा गेल्यापासून शेत तीच बघायची. मी तिचा फॉर्म भरत होतो. 'व्यवसाय' म्हटलं की यादी उघडते: शेतकरी, गृहिणी, नोकरी.

"शेत मीच करते, घर बी मीच. दोन्ही लिवा."

"मावशी, यातलं एकच घेता येतं."

ती यादीकडं बघत राहिली. "आमाला कोनी कधी एकच निवडू दिलं व्हय?"

मॅडम त्यांच्या टेबलावरून उठून आल्या. मला बाजूला सारलं, पासवर्ड टाकला, यादीत नवी ओळ लिहिली आणि मावशीला मोठ्यानं वाचून दाखवली, "गृहिणी आणि शेतकरी. बराबर?"

मावशीनं पदर सारखा केला.

"शेतकरी आधी घ्या."